बाकीचे १५६ तास

डायलिसिस केंद्रात आलेला रुग्ण पलंगावर जायच्या आधी वजनकाट्यावर उभा राहतो. पुढचे चार तास कसे जाणार हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. मागच्या खेपेला घरी जाताना वजन ५८ किलो होतं आणि आज साडेसाठ भरलं, तर मधल्या दोन दिवसांत अंगावर अडीच किलो मांस चढलेलं नसतं. ते अडीच लिटर पाणी असतं. लघवी बंद झालेल्या किंवा नावापुरती उरलेल्या शरीरात चहा, आमटी, ताक, गोळीबरोबरचा घोट, सगळं साठत जातं. आधी पावलांवर सूज येते, मग जिने चढताना दम लागतो, आणि त्याहून जास्त साठलं की रात्री आडवं झोपवत नाही, उशांना टेकून बसावं लागतं.

ज्या वजनाला अंगात जादा पाणी नाही, बीपी ठीक आहे आणि माणसाला बरं वाटतंय, त्याला डायलिसिसच्या भाषेत ‘ड्राय वेट’ म्हणतात. हा आकडा रक्त तपासून मिळत नाही; तो अंदाजाने ठरवतात आणि अनुभवाने दुरुस्त करतात. फाइलवर एकदा लिहिला की महिनोन्महिने तोच चालू राहतो, आणि इथेच गफलत होते. आजारपणात जेवण कमी झालं, अंगावरचं मांस उतरलं, तर काट्यावर तेच ५८ दिसतील, पण त्यातले दोन किलो आता पाणी असेल. उलट भूक सुधारून खरोखरच वजन वाढलं असेल, तर जुन्या आकड्यापर्यंत पाणी ओढताना बीपी धाडकन पडेल आणि पोटऱ्यांत गोळे येतील. ‘हल्ली डायलिसिस सोसत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा शिळं झालेलं ड्राय वेट असतं.

वजन झालं की बीपी, आणि मग हातात दोन सुया. एका सुईतून रक्त बाहेर येतं, दुसरीतून परत जातं. पंप मिनिटाला साधारण ३०० मिली रक्त ओढतो. चार तासांत ७० लिटरच्या आसपास रक्त मशीनमधून फिरतं. शरीरात असतं जेमतेम पाच लिटर, म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा जातं. एका वेळी शरीराबाहेर मात्र पाव लिटरच्या आसपासच असतं. वाटेत डायलायझर लागतो. हे फूटभर लांबीचं नळकांडं आत हजारो पोकळ तंतूंनी भरलेलं असतं. तंतूंच्या आतून रक्त वाहतं आणि बाहेरून, उलट्या दिशेने, क्षार मिसळलेलं शुद्ध पाणी. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम रक्तातून पाण्यात उतरतात, बायकार्बोनेट पाण्यातून रक्तात येतं. रक्त गोठू नये म्हणून हिपॅरिन देतात. क्षाराचं पाणी मिनिटाला अर्धा लिटर लागतं, म्हणजे चार तासांच्या एका सत्राला १२० लिटर. ते आरओचं असावं लागतं, आणि आरओ करताना आणखी पाणी वाया जातं ते वेगळंच. टंचाईच्या उन्हाळ्यात ज्या गावाला टँकरने पाणी येतं, तिथल्या डायलिसिस केंद्राची गत काय होत असेल याचा विचार पाण्याच्या चर्चेत फारसा होत नाही.

विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ मध्ये, जर्मन ताब्यातल्या हॉलंडमधल्या कांपेन गावात, पहिलं चालणारं मशीन बनवलं तेव्हा त्यातला गाळणारा पडदा म्हणजे सॉसेजवर चढवायची सेलोफेनची नळी होती. तरी ते मशीन काही दिवसांपुरतंच उपयोगी होतं, कारण दरवेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताला कायमची टेफ्लॉनची नळी बसवली आणि किडनी पूर्ण बंद पडलेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो हे दिसलं. मग मशीन कमी आणि रुग्ण फार, म्हणून कोणाला घ्यायचं हे ठरवायला तिथे सामान्य नागरिकांची एक समितीच नेमावी लागली. जगवता येतं हे तेव्हा सिद्ध झालं. जगवलेल्या माणसाचे दिवस कसे जातात, हे पद्धतशीरपणे विचारायला आणखी बरीच वर्षं लागली.

आठवड्याचे तास १६८. तीन सत्रं म्हणजे १२ तास. निरोगी किडन्या रोज १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा परत घेतात, रात्रंदिवस, न थांबता. शिवाय त्या रक्तपेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन बनवतात, ‘ड’ जीवनसत्त्वाला कामाला लावतात, बीपी सांभाळतात. मशीन यातलं फक्त गाळण्याचं काम करतं, तेही थोडंसं, आणि तेही तुकड्यातुकड्याने. बाकीचे १५६ तास सगळं साठत राहतं. डायलिसिसवरच्या माणसाचं आयुष्य बरं की हलाखीचं हे मशीनच्या कंपनीपेक्षा त्या १५६ तासांवर जास्त ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे सांगतो आहे ते त्याच तासांबद्दल.

सुरुवात पाणी काढण्याच्या वेगापासून करू, कारण त्रासाचं मोठं मूळ तिथे आहे. मशीन पाणी काढतं ते रक्तातून. पण साठलेलं बहुतेक पाणी रक्तात नसतं, ते मांसात, कातडीखाली, फुफ्फुसांत असतं. रक्तातलं पाणी कमी झालं की तिथून पाझरून ते रक्तात येतं, आणि या पाझराला वेळ लागतो. विहिरीवर मोठा पंप लावून उपसा केला की झरे पुरत नाहीत आणि तळ दिसायला लागतो, तसं रक्ताचं होतं. रक्त आटतं, बीपी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, जांभया येतात, पोटरीत गोळा येतो, उलटी होते. प्रत्येक वेळी असं झालं की हृदयाच्या स्नायूला आणि मेंदूला रक्त कमी पडतं. त्याचा हिशेब शरीर नंतर चुकता करतं.

म्हणून वेगाला मर्यादा आहे. ताशी, किलोमागे १३ मिलीच्या वर जाऊ नये असा सर्वसाधारण संकेत आहे. ६० किलोच्या माणसाला ताशी ७८० मिली, म्हणजे चार तासांत तीन लिटरच्या जरा वर. तोच माणूस पाच किलो वाढवून आला, तर त्याच वेगाने साडेसहा तास लागतील. इतका वेळ पलंग कोणी देत नाही, पुढची शिफ्ट दारात उभी असते. मग वेग वाढवतात, रुग्ण घामाघूम होतो, टेक्निशियन पाय वर करून सलाइन सोडतो, आणि शेवटी पाणी अर्धवटच निघतं. ‘वेळेआधी सोडा’ असा आग्रह धरणारेही बरेच असतात. अर्धा तास वाचवला की तेवढंच पाणी कमी वेळात काढावं लागतं. म्हणजे ज्या त्रासाला कंटाळून लवकर सुटायचं, तोच पुढच्या वेळी वाढवून घ्यायचा. जमत असेल तर उलट करावं. चारऐवजी साडेचार तास मागून पाहावेत, किंवा जास्त वाढलेल्या आठवड्यात एक जादा सत्र. डायलिसिसच्या पाण्याचं तापमान थोडं खाली ठेवलं तर काहींचं बीपी टिकतं. थंडी वाजते, शाल लागते, पण चालतं. डायलिसिसच्या सकाळी बीपीची गोळी घ्यायची की नंतर, हेही डॉक्टरांना विचारून ठेवावं.

आता एक साधा प्रश्न: डायलिसिस झाल्यावर पुन्हा माणसात यायला किती वेळ लागतो? संशोधकही रुग्णांना हा प्रश्न विचारतात, आणि तो विचारायला ना यंत्र लागतं ना पैसा. कोणी म्हणतं, घरी जाऊन चहा घेतला की झालं. कोणी म्हणतं, संध्याकाळपर्यंत. कोणाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणातून उठवत नाही, आणि मग हातात येतो तो आठवड्यातून एखादाच खरा दिवस. केंद्रातल्या मासिक रिपोर्टमध्ये युरिया किती टक्के उतरला (६५ च्या वर हवा), केटी-बाय-व्ही हा रक्त किती साफ झालं याचा आकडा १.२ च्या वर आहे का, हे असतं. हे आकडे हवेतच. पण ते उत्तम असलेला माणूस घरी निपचित पडलेला असू शकतो, आणि ते रिपोर्टात दिसत नाही. डायलिसिसमध्ये कशाला महत्त्व द्यावं हे अनेक देशांतल्या रुग्णांना, घरच्यांना आणि डॉक्टरांना एकत्र विचारून ठरवण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. त्यातून चार गोष्टी पुढे आल्या: मृत्यू, हृदयविकार, मशीनला जोडायची रक्तवाहिनीची वाट आणि थकवा. थकवा या यादीत आला तो रुग्णांनी लावून धरला म्हणून. तेव्हा हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तर उत्तर आपणच सांगावं. ‘बरं आहे’ म्हणू नये; ‘सहा तास लागतात’ असं म्हणावं. आकडा सांगितला की डॉक्टरही थांबून विचार करतात.

वाढलेल्या पाण्याचा विषय निघाला की घरचे लगेच तांब्यावर नजर ठेवतात. खरं लक्ष मिठाकडे हवं. आठ-नऊ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर त्याच्यासाठी एक लिटर पाणी मागतं, आणि ती तहान मनोनिग्रहाने थोपवता येत नाही. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, ही मर्यादा. वरून मीठ घेत नाही म्हणणाऱ्यांच्या ताटात लोणचं, पापड, कुरडई, ठेचा असतो. संध्याकाळी फरसाण असतं. कोकणात सुकट आणि खारे बोंबील असतात. पाव आणि बिस्किटांतही मीठ असतंच. सैंधव हेही मीठच. आणि ‘लो-सोडियम’ म्हणून मिळतं त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीच्या रुग्णाने ते स्वयंपाकघरात आणूच नये. मीठ कमी केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जेवण पानात टाकावंसं वाटतं. मग जीभ जुळवून घेते. लिंबू, आमसूल, लसूण, जिरं, मिरपूड यांनी बराच आधार मिळतो.

पाण्याची मोजणी अशी: चोवीस तासांत जेवढी लघवी होते तेवढं, अधिक अर्धा लिटर. यात चहा, दूध, ताक, आमटी, पेज सगळं धरायचं. सकाळी एका बाटलीत तेवढं पाणी भरून ठेवायचं आणि बाहेर काहीही प्यायलं की तेवढं बाटलीतून ओतून द्यायचं, ही युक्ती अनेकांना साधते. मधुमेह असेल आणि साखर चढलेली असेल, तर तहान त्यामुळेही लागते. तिथे उपाय साखरेवर करायचा. लघवी अजून थोडी होत असेल तर ती जपण्यासारखी आहे. रोजची दोन-तीन वाट्या लघवीसुद्धा पाण्याचं बंधन सैल करते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या ही शेवटची लघवीही बंद पाडतात, आणि गुडघेदुखी तर घराघरांत आहे.

पोटॅशियमचं दुखणं वेगळं आहे. जादा पाणी सुजेतून, धापेतून बोलतं. पोटॅशियम बोलत नाही. फार तर हातापायांत शक्ती नाही असं वाटतं, आणि मग हृदयाची लय बिघडते. गंमत अशी की, आजारी माणसाला भेटायला जाताना आपण नेतो त्या सगळ्या वस्तू या यादीत बसतात: शहाळं, मोसंबी, केळी, सुका मेवा. डायलिसिसच्या रुग्णाला प्रेमाने पाजलेली दोन शहाळी त्याला अतिदक्षता विभागात पोहोचवू शकतात. उपवासाचं ताटही तपासून पाहा. रताळं, बटाटा, केळं, खजूर, शेंगदाणे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात ते सोडून द्या, पण पोटॅशियम मात्र खरंच दुप्पट. बटाटा आणि इतर भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं तर पोटॅशियम बरंच उतरतं. फळांत सफरचंद, पपई, अननस यांतलं एखादं, लहानशी वाटीभर, आहारतज्ज्ञ ज्याच्या-त्याच्या रिपोर्टप्रमाणे ठरवून देतात. एक फळ मात्र कोणत्याही प्रमाणात नको: स्टारफ्रूट, म्हणजे करमळ. त्यातलं विष निरोगी किडनी बाहेर टाकते. बंद किडनीच्या माणसाला त्याने उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात.

सोमवार-बुधवार-शुक्रवार असं वेळापत्रक असेल तर शुक्रवार ते सोमवार हे अंतर सर्वांत लांब. पाणी आणि पोटॅशियम दोन्ही सोमवारी सकाळी शिखरावर असतात, आणि मृत्यू व हृदयाच्या तक्रारी या लांब अंतरानंतर जास्त होतात असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे नेमके शनिवार-रविवारच लग्नं, बारशी आणि पाहुणे. पथ्य सात दिवस सारखं पाळणं कोणालाच जमत नसेल, तर निदान ते कुठल्या दोन दिवशी जास्त पाळायचं हे ठाऊक असावं. जेवणावळीचा मोह पुरवायचाच असेल तर रविवार सोडून डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी पुरवणं त्यातल्या त्यात बरं.

फॉस्फरसबद्दल थोडक्यात. दूध-दही-चीज, कोला पेयं, पाकीटबंद पदार्थ यांतून तो येतो, डायलिसिसमध्ये नीट निघत नाही, हाडं पोकळ करतो आणि अंगाला खाज आणतो. त्यासाठी दिलेल्या गोळ्या जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायच्या असतात. उपाशीपोटी घेतल्या तर त्यांना बांधून ठेवायला काही सापडतच नाही. आणि प्रथिनांचा नियम इथे उलटा फिरतो. डायलिसिसपूर्वी ‘डाळ कमी, अंडी कमी’ सांगितलेलं असतं. डायलिसिस सुरू झालं की किलोमागे रोज एक ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, कारण काही भाग मशीनमध्ये निघून जातो. जुनं पथ्य डोक्यात पक्कं बसलेलं कुटुंब माणसाला नकळत अर्धपोटी ठेवतं. अंड्यातला पांढरा भाग, मासे, कोंबडी हे इथे औषधासारखं खायचं.

आता हाताकडे. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला ही सर्वांत टिकाऊ वाट. न्यूयॉर्कमध्ये १९६६ साली ती पहिल्यांदा मांडली गेली आणि आजही तिच्याहून चांगलं काही निघालेलं नाही. धमनीचा जोर शिरेत आला की शीर फुगते, जाड होते. याला दीड ते तीन महिने लागतात. म्हणून डायलिसिस लागणार हे दिसू लागलं की हात आधी करून ठेवायचा. आपल्याकडे बहुतेकांचं उलट होतं. उलट्या आणि दम घेऊन माणूस रुग्णालयात पोहोचतो, मानेत कॅथेटर बसतो, आणि ‘नंतर बघू’ म्हणत तोच महिने राहतो. कॅथेटरवर नीट अंघोळ करता येत नाही, थंडी वाजून ताप आला की रक्तात जंतू गेल्याची भीती, आणि त्या शिरा कायमच्या अरुंद होऊ शकतात.

फिस्टुलावर बोटं ठेवली की घरघर लागते. सकाळी उठल्यावर ती पाहायची, बस. घरघर थांबली असेल तर त्याच दिवशी केंद्रात जायचं; गुठळी ताजी असेल तर हात वाचवता येतो. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, रक्त काढू द्यायचं नाही, घट्ट बांगड्या, घड्याळ, पिशवीचा बंद नको, त्यावर झोपणं नको. सुया दरवेळी त्याच दोन टिंबांवर टोचल्या की तिथे फुगवटे येतात, म्हणून जागा बदलत राहायला सांगायचं. हे फुगवटे दिसतात म्हणून भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालणाऱ्या बायका आणि शर्टाचं बटण कधीच न सोडणारे पुरुष केंद्रात भेटतात. टोचण्याच्या जागी आधी भूल देणारं मलम लावता येतं, हे मात्र अनेकांना कोणी सांगितलेलंच नसतं.

थकव्याचं दुसरं कारण रक्त. १९८९ मध्ये अमेरिकेत एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन वापरात आलं. त्याआधी हिमोग्लोबिन पाच-सहावर जगणं आणि रक्ताच्या बाटल्या चढवणं हेच चालत असे. आता हिमोग्लोबिन १० ते साडेअकराच्या दरम्यान ठेवतात. त्याहून वर नेल्यास पक्षाघाताचा आणि गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून ‘अजून चढवा’ असा आग्रह नको. इंजेक्शन घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर लोह तपासायचं. बाटली चढवणं शक्यतो टाळायचं, कारण परक्या रक्तामुळे पुढे किडनी जुळणं अवघड होतं.

काही तक्रारी अशा, की त्या कोणी काढत नाही. रात्री पाय शिवशिवतात, हलवत राहावंसं वाटतं, झोप लागत नाही. खाजेने कातडी सोलवटते. शरीरसंबंधांची इच्छा जाते, पुरुषांना ताठरता येत नाही, बायकांची पाळी बिघडते. मन उदास राहतं, आणि ते इतकं सर्रास असतं की डॉक्टरांना, घरच्यांना आणि खुद्द रुग्णालाही ते आजाराचाच भाग वाटतं. यातल्या बहुतेकांवर उपचार आहेत. काही पूर्ण, काही अर्धे. पण तीस जणांच्या हॉलमध्ये, शेजारच्या पलंगावरचा माणूस ऐकत असताना, कोण सांगणार? केंद्रात एक दार बंद होणारी खोली असावी, एवढी मागणी फार नाही.

मशीनवरचे चार तास वाया जातात असं वाटत असेल, तर पायाखाली छोटी सायकल ठेवून पहिल्या दोन तासांत हलके पेडल मारण्याची पद्धत अनेक देशांत आहे. ती नाही जमली तरी डायलिसिस नसलेल्या दिवशी रोज अर्धा तास चालणं जमतं. पायांची ताकद टिकली की खुर्चीतून उठणं, एसटीची पायरी चढणं, स्वतः बाजारात जाणं टिकतं.

एसटीवरून आठवलं. सत्र मोफत मिळालं म्हणून डायलिसिस मोफत होत नाही. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांत मशीन्स आली, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. उरतो तो जाण्यायेण्याचा खर्च, इंजेक्शनं, तपासण्या, आणि बरोबर येणाऱ्या माणसाची बुडालेली रोजी. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत प्रवासाची सवलत आहे. रेल्वेत उपचारासाठी जाताना रुग्णाला आणि एका सोबत्याला भाड्यात मोठी सूट आहे. दोन्हींसाठी लागणाऱ्या कागदाची चौकशी केंद्रात करावी. पैशांपायी बरेच जण आठवड्यातून दोनदाच येतात. लघवी चांगली होत असेल तर दोनदा काही काळ भागतं. ती नसताना दोनदा म्हणजे प्रत्येक अंतर लांबच.

नोकरीचं म्हणाल, तर शिफ्ट हीच कळ आहे. सकाळी सहाची मिळाली तर दुपारची कचेरी जमू शकते, संध्याकाळची मिळाली तर पूर्ण दिवस हाती राहतो. दुपारची दोन्ही खाते. डायलिसिसवर राहून मोठी कामं केल्याची उदाहरणंही आहेत. जयप्रकाश नारायण आणीबाणीतल्या स्थानबद्धतेतून नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटले ते किडन्या निकामी होऊनच. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि १९७९ मध्ये निधन होईपर्यंत ते त्यावरच होते. १९७७ ची निवडणूक, जनता पक्षाची उभारणी, सभा, सगळं मधल्या दिवसांत. तेव्हाची मशीन्स आजच्या मानाने ओबडधोबड होती आणि एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन नव्हतं. सुषमा स्वराज यांनी २०१६ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना आपण डायलिसिसवर आहोत हे स्वतः जाहीर केलं. त्यानंतर नोकरीवर डायलिसिस लपवणाऱ्या एखाद्याला तरी धीर आला असेल. अर्थात या दोघांना गाडीची, सोबतीची आणि औषधांची चिंता नव्हती, हेही खरं.

प्रवास मात्र कोणालाही शक्य आहे. पंढरपूर असो की गोवा, जिथे जायचं तिथल्या केंद्रात आधी दोन आठवडे जागा सांगून ठेवायची. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, ड्राय वेट, हिपॅरिनचा डोस, शेवटच्या दोन-तीन सत्रांचे कागद बरोबर न्यायचे.

आणि हे सारं केंद्राबाहेर, घरीही होऊ शकतं. पोटाच्या डायलिसिसमध्ये बेंबीशेजारी मऊ नळी बसवतात, दोन लिटर द्राव पोटात सोडतात, चार-सहा तास ठेवून काढतात. दिवसातून साधारण चार वेळा, किंवा रात्रभर एका छोट्या यंत्रावर. सुई नाही, बीपीची पडझड नाही, पथ्य सैल, उरलेली लघवी जास्त टिकते. हाँगकाँगमध्ये बहुसंख्य रुग्ण याच पद्धतीवर आहेत. आपल्याकडे फार थोडे. द्रावाच्या पिशव्यांचा खर्च, सुटी एखादीही न मिळणं, द्रावातल्या साखरेने वाढणारं वजन, ही खरी कारणं. ‘घरात स्वच्छता राहणार नाही’ हे कारण जितक्या सहज पुढे केलं जातं तितकं ते पटत नाही. हात धुणं, मास्क लावणं, पंखा बंद करणं गावातली माणसंही शिकतात. बाहेर आलेला द्राव गढूळ दिसला की त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, हा एक नियम कधी मोडायचा नाही. ज्याचं गाव केंद्रापासून ८० किलोमीटरवर आहे त्याला निदान हा पर्याय सांगितला तरी जावा.

ऐंशी ओलांडलेल्या, आधीच अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी आणखी एक रस्ता आहे, डायलिसिस सुरूच न करण्याचा. अशा वयात, हृदय आणि मेंदू थकलेले असताना, डायलिसिसने वाढणारे दिवस बरेचसे रुग्णालयातच जातात. औषधांनी सूज, दम, खाज, मळमळ आटोक्यात ठेवून घरी राहणं म्हणजे सोडून देणं नव्हे, तोही उपचारच आहे. आजोबांना काय हवं, हे आजोबांना विचारायचं. मुलांनी बाहेरच्या बाकावर बसून ठरवायचं नाही.

ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी प्रत्यारोपण हाच सर्वांत चांगला उपाय, आयुष्याच्या लांबीच्याही आणि दर्जाच्याही दृष्टीने. १९९४ च्या कायद्याप्रमाणे आईवडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा-नातवंडं जवळचे नातलग म्हणून देऊ शकतात. आपल्याकडे देणाऱ्यांत बायका आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हा हिशेब कुठल्याही वैद्यकीय कारणाने समजावता येत नाही. मेंदूमृत दात्याची किडनी हवी असेल तर मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्यांकडे रुग्णालयामार्फत नाव नोंदवावं लागतं. थांबणं वर्षांचं असतं. तोवर हिपॅटायटिस बीची लस दुप्पट मात्रेत पूर्ण करायची, दात तपासून ठेवायचे, वजन आवरायचं आणि फोन बंद ठेवायचा नाही, कारण बोलावणं रात्री दोनलाही येतं. किडनी बसली, लघवी सुरू झाली, पाण्याची बाटली मोजणं सुटलं, तरी शल्यविशारद हाताचा फिस्टुला बहुधा तसाच ठेवतात. बसवलेली किडनीही कायमची नसते. दहा, पंधरा, कधी वीस वर्षांनी ती थकते, आणि तेव्हा तोच हात पुन्हा लागतो.